सुतकाच्या घरी सोनेरी कार्ड

सुतकाच्या घरी जाऊन काय बोलावं, हे मला पन्नाशी उलटली तरी जमलेलं नाही. तसा मी मुका नाही. शाळेत तासन् तास बडबडतो, निरोपसमारंभात दोन शब्द बोलायला सांगितले तर लोक घड्याळं बघायला लागतात. पण एखाद्याचं माणूस गेलं आणि त्याच्यासमोर सतरंजीवर जाऊन बसायची वेळ आली, की माझी जीभ टाळूला चिकटते. आणि सुटते तेव्हा भलतंच बोलून बसते.

तेलंगणात बेल्लमपल्लीला बायकोचे मामा वारले तेव्हाचीच गोष्ट. कोळसा खाणीच्या क्वार्टरांच्या ओळीत त्यांचं घर. आम्ही गेलो, बसलो. तासभर मी शहाण्यासारखा मान खाली घालून सतरंजीचे पट्टे मोजले. निघायची वेळ झाली तसा उठलो, चपला पायात सरकवल्या आणि सवयीनं, अगदी मनापासून म्हणालो, "बरं, येतो हं! असंच भेटत राहू."

कुणाच्याही घरून निघताना आपण 'येतो' म्हणतो, 'जातो' म्हणत नाही, हे खरं. पण दुःखाच्या घरून निघताना काहीच म्हणायचं नसतं. मुकाट उठायचं आणि चालू लागायचं. असल्या कामासाठी परत यायची पाळी येऊ नये, इतकाच त्यातला अर्थ. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मामी रडायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. आदिलाबाद येईपर्यंत बायको बसमध्ये एक शब्द बोलली नाही, आणि घरी आल्यावर जे बोलली ते छापण्यासारखं नाही.

त्या दिवसापासून मी ठरवलं, की यापुढे आपण दुःख कागदावर करायचं.

कागदाचा नाद मला कोरोनात लागला. शाळा बंद होती, पोरं मोबाईलच्या पलीकडे होती, आणि मोबाईलच्या अलीकडे मी. एकदा अपूर्णांकाचा व्हिडिओ शोधताना परदेशातली एक बाई दिसली. एकमेकांशी रंग जुळणारे कागद ती कापत होती, एकावर एक चिकटवत होती, त्यांवर पानाफुलांचे शिक्के मारत होती, आणि बघता बघता वाढदिवसाचं कार्ड तयार! मी सलग चार व्हिडिओ पाहिले. अपूर्णांक राहिलेच. पुढे आमच्या कपाटातला साड्यांचा एक खण रिकामा झाला आणि त्यात माझे कागद, शिक्के, शाईच्या डब्या, रिबिनी आल्या. त्या साड्या आजही दिवाणाखाली पेटीत आहेत, आणि ही गोष्ट मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवली जाते.

ओळखीपाळखीतलं कुणीही माझ्या कार्डातून सुटलं नाही. आमचे हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना आठ थरांचं कार्ड दिलं. त्यांनी ते उघडलं, आत पाहिलं, उलटं करून झटकलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. पैशांचं पाकीट समजून उघडलं होतं त्यांनी. पण कलावंताला लोकांचं अज्ञान सोसावंच लागतं, असं मी मनाला समजावलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

तीस वर्षांपूर्वी माझी पहिली नेमणूक आताच्या भीमपूर मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका गावी, मराठी शाळेवर झाली. महाराष्ट्राची हद्द शेताच्या बांधावरून दिसावी असं गाव. तिथे एका शेतकऱ्याच्या घराची पुढची खोली मला भाड्यानं मिळाली. त्या घरातला मुलगा माझ्याच वयाचा, कापूस-सोयाबीन करणारा, दिवसातून दहा वाक्यं बोलणारा. तो माझा मित्र झाला, म्हणजे बोलायचं काम मी उचललं. आणि त्याची आई माझीही माय झाली. मी स्टोव्ह आणला होता, पातेली आणली होती. पहिल्याच संध्याकाळी ती दारात येऊन उभी राहिली.

"मास्तर, भाकर टाकली तुह्यासाठी," ती म्हणाली.

तो स्टोव्ह दोन वर्षांत पेटला नाही.

मायचा एकच कायदा होता. 'येतो' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. शाळा खोलीपासून पन्नास पावलांवर, वाटेत फक्त एक बोअर आणि एक लिंबाचं झाड. तरी मी तसाच निघालो तर मागून आवाज यायचा.

"काय म्हनला?"

"येतो, माय."

"हां. जा आता."

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, मुलगी झाली, आदिलाबादेत घर झालं. पण त्या घरी मी पाहुणा म्हणून कधी गेलो नाही. सरळ चुलीपर्यंत जायचं, पाट ओढून बसायचं, आणि काय शिजतंय ते झाकण काढून बघायचं. माझ्या स्वतःच्या घरात मला ही मुभा नाही.

कार्डांचा नाद लागला तेव्हा पहिलं दिवाळीचं कार्ड मी मायला नेऊन दिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण फुलं तर दिसतील. पुढच्या खेपेला पाहिलं तर ते दह्याच्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, झाकण म्हणून ठेवलेलं.

"लय कामाचं हाय, मास्तर," माय खुशीत सांगू लागली. "वाऱ्यानं उडत नाई, वाकत नाई. माशी जात नाई. अजून एक करून दे, दुधाले."

मी दिवसभर फुगून बसलो होतो. तिनं विचारलं, पोट दुखते काय.

गेल्या दसऱ्यापासून माय खचत गेली. मित्राचा फोन यायचा. "मास्तर, चक्कर मार एखादी." मी म्हणायचो, "येत्या रविवारी येतोच." असे तीन रविवार गेले. एका रविवारी पाहुणे होते, एका रविवारी सर्दी होती, आणि तिसऱ्या रविवारी काय होतं ते मला आता आठवतही नाही. चौथ्या रविवारी मी नागपूरला गेलो. घरी सांगितलं, दात दाखवायचा आहे. दाताला काही झालेलं नव्हतं. सीताबर्डीवरच्या एका दुकानात रंगजुळणीच्या कागदांचा नवा गठ्ठा आला होता. एका पॅडमध्ये बारा तऱ्हांचे कागद, सगळे एकाच घराण्यातले, कुठलाही कुठल्याही शेजारी ठेवा, भांडण नाही. तिथे मी दोन तास होतो. राखाडी रंगाचं पॅड घ्यावं की निळसर राखाडीचं, याचा निर्णय होत नव्हता. फोन पिशवीत, आवाज बंद.

बाहेर येऊन पाहिलं तर मित्राचे अकरा फोन येऊन गेलेले. शेवटी त्यानं आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. "मास्तर, माय गेली सकाळी. थांबून राह्यलो तुह्यासाठी." आणि त्याखाली तासाभरानं आणखी एक. "आता नेतो."

मी हातात निळसर राखाडी पॅड घेऊन फुटपाथवर उभा होतो. मी फोन लावला. तो म्हणाला, "झाली माती." मी म्हणालो, "दाताच्या दवाखान्यात होतो रे. खुर्चीवर. फोन उचलता आला नाही." तो म्हणाला, "बरं."

त्याच 'बरं'नं माझी पुरती वाट लावली. तो चिडला असता तर मी दुसऱ्याच दिवशी जाऊन पाय धरले असते. पण त्यानं माझं खोटं जसंच्या तसं ठेवून घेतलं होतं, आणि आता त्याच्यासमोर जायचं म्हणजे ते खोटं तोंडावर घेऊन जायचं. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "चला." मी म्हणालो, दात ठणकतोय. ती एकटी जाऊन आली. आल्यावर माझ्या गालाकडे निरखून पाहत म्हणाली, "तुमच्या दातापायी मी मायच्या घरी खोटं बोलून आली. कोनता दात हाय तो, दाखवा बरं."

मी उजवीकडचा दाखवला. सकाळी डावीकडचा दाखवला होता.

भीती काय होती ते सरळ सांगतो. ज्या घरात मी तीस वर्षं चुलीपर्यंत जात होतो, तिथे आता मला ओसरीतल्या सतरंजीवर बसवतील. चार पाहुण्यांत पाचवा. आणि मित्र म्हणेल, "बसा मास्तर." आजवर तो मला कधी 'बसा' म्हणालेला नाही. तो एक उंबरा माझ्या हातून जातोय असं वाटत होतं, आणि तो वाचवायला मी काय केलं? कार्ड करायला बसलो.

कागद तोच वापरायचा ठरवला. ज्याच्यापायी मातीला पोचलो नाही, तोच निळसर राखाडी. यात काहीतरी न्याय आहे असं मला वाटलं. माझं डोकं त्या दिवसांत असंच चाललं होतं.

इंग्रजी शिक्के माझ्याकडे होते, 'विथ सिंपथी' वगैरे, वळणदार. पण मित्राला इंग्रजी येत नाही, आणि मायला इंग्रजीतून श्रद्धांजली म्हणजे कहरच. मराठी शिक्का कुठे मिळणार? मग कचेरीजवळच्या शिक्केवाल्याकडे गेलो. सरपंचांचे, डॉक्टरांचे, सोसायट्यांचे गोल-चौकोनी रबरी शिक्के तो करून देतो. तेलुगू माणूस, माझ्याशी हिंदीत बोलतो. मी त्याला कागदावर मजकूर लिहून दिला. 'तुमच्या दुःखात सहभागी.'

"गोल में डालूं क्या सर?" त्यानं विचारलं.

"नको, साधा."

"डेट?"

"नको."

"डेजिग्नेशन?"

मी म्हणालो, काही नको, फक्त एवढेच शब्द. त्याला ते पटलं नाही. एवढेच शब्द असलेला शिक्का त्याच्या दुकानातून कधी गेला नसावा. दुसऱ्या दिवशी शिक्का मिळाला तेव्हा शब्दांभोवती दुहेरी चौकट होती आणि खाली सहीसाठी एक रेघ. "सही तो लगेगा ना सर," तो म्हणाला. "बिना सही का चलता नहीं किधर भी."

आता फुलं. फुलांचा शिक्का मारायचा, त्यावर सोनेरी पूड भुरभुरायची आणि गरम हवा द्यायची, की पूड वितळून फूल उठून दिसतं. गरम हवेचं यंत्र माझ्याकडे नाही. बायकोचा केस वाळवायचा ड्रायर चालवला, तर पूड वितळायच्या ऐवजी उडाली आणि ओट्यावरच्या वांग्याच्या भाजीत गेली. मग सांडशीत कार्ड धरून गॅसवर शेकलं. फुलं उठली, पण एक कोपरा करपला. त्या कोपऱ्यावर आणखी एक फूल चिकटवलं. ते एकटं दिसू लागलं म्हणून समोरच्या कोपऱ्यावर दुसरं. मग मध्ये रिकामं वाटलं, म्हणून रिबीन. थरांखाली फोमची टेप लावली, तीही दोन-दोन पदरी, म्हणजे कार्ड भरीव दिसतं. सगळ्यात खाली इतकं जाड कार्डशीट, की घडी घालायला मला उलथन्याचा दांडा लागला. असे तीन दिवस गेले. तीन दिवसांत मला मायची आठवण किती वेळा आली? खरं सांगू, फारशी नाही. रंग जुळवण्यात माणूस दुःख पार विसरतो.

बायकोनं ते हातात घेतलं, वजन करून पाहिलं.

"कोनाचं लग्न हाय?"

"हे सांत्वनाचं कार्ड आहे," मी म्हणालो.

"पत्रिका दिसते."

मी तिला समजावून सांगितलं, की निळसर राखाडी हा परदेशात शोकाचा रंग मानतात आणि सोनेरी हा आदराचा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भीमपूर कोनत्या परदेशात येते?"

आत लिहायचं राहिलं होतं. रफ वहीत खूप प्रयत्न केले. 'अत्यंत दुःखद वार्ता समजली' लिहिलं, ते वर्तमानपत्रातल्या निवेदनासारखं वाटलं. 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' लिहिलं, ते शाळेच्या शोकसभेतल्या ठरावासारखं. 'प्रिय मित्रा' लिहिलं आणि पेन थांबला, कारण पुढचं वाक्य दाताबद्दल येणार होतं. शेवटी आत शिक्का मारला, रेघेवर सही केली आणि म्हटलं, झालं. तीन दिवसांचं काम आणि त्यात माझा स्वतःचा एक शब्द नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

आदिलाबाद-भीमपूर चालणाऱ्या एका ऑटोवाल्याकडे मी ते कार्ड पारदर्शक पाकिटात घालून दिलं. चांगला ओळखीचा माणूस, डबे-औषधं नेऊन देतो. तो आठवा दिवस होता. नवव्या दिवशी सकाळी तेच पाकीट घेऊन तो ऑटो माझ्या दारात उभा.

"सर, त्याइनं घेतलंच नाई."

"म्हणजे?"

"दारात काका बसले होते. त्याइनं पाकीट पायलं आन् हातच नाई लावला. म्हने, आमच्या घरी सुतक हाय. मास्तरले सांग, पत्रिका तेरवीच्या बाद दे. आन् म्हने, पोरीचं जमलं, लय आनंद हाय."

काका म्हणजे मित्राचे चुलते, ऐंशीच्या घरातले. त्यांचं काय चुकलं? सुतकाच्या घरात लग्नाची पत्रिका देत नाहीत आणि घेत नाहीत. जाड पाकीट, सोनेरी फुलं, वर रिबीन. आमच्या भागात असं पाकीट एकाच कामासाठी येतं. हळदीकुंकवाची बोटं तेवढी लावायची राहिली होती.

माझी मुलगी हैदराबादला शिकते, तिच्या लग्नाचा अजून पत्ता नाही. पण त्या दिवशी भीमपुरात ते ठरून गेलं होतं. ऑटोवाल्यानं वाटेतल्या गावांनाही कळवलं असावं, कारण दुपारपर्यंत मला दोन अभिनंदनाचे फोन आले. एकानं विचारलं, पोरगा कुठला. तिसरा फोन मित्राचा.

"मास्तर, पोरीचं जमलं?"

"नाही रे."

"मंग पत्रिका कोनाची?"

"पत्रिका नाही ती. कार्ड आहे."

"कायचं कार्ड?"

"दुःखाचं," मी म्हणालो.

पलीकडे कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. मग तो म्हणाला, "माय गेली, आन् तू कार्ड पाठवून राह्यला?"

आणि फोन बंद झाला. तीस वर्षांत माझा फोन त्यानं पहिल्यांदा असा मध्येच बंद केला. मी स्वयंपाकघरात गेलो. बायकोनं गाडीची किल्ली खिळ्यावरून काढून ओट्यावर ठेवली.

गाडी चालवताना मी वाक्यं पाठ करत होतो. कापसाचे बोजे लादलेले ट्रॅक्टर समोरून येत होते, आणि प्रत्येक ट्रॅक्टरागणिक मी एक वाक्य विसरत होतो. पोचलो तेव्हा डोक्यात काहीच उरलं नव्हतं. अंगणात ताडपत्री टाकलेली, तिच्यावर सतरंजी. ओसरीच्या एका कोपऱ्यात कापसाचा ढीग, कारण कापूस कुणाच्या सुतकासाठी थांबत नाही. काका खांबाला टेकून बसले होते. मित्र दाढी वाढलेला, ढिगाशेजारी.

तो म्हणाला, "बस."

'बसा' नाही म्हणाला, एवढाच धीर मला आला. पण बसायला दाखवली सतरंजीच. मी बसलो. चुलीकडे पाहायची हिंमत झाली नाही. मग मला दुसरं काही सुचेना म्हणून मी पिशवीतून ते पाकीट काढलं. काका चटकन मागे सरकले.

"पत्रिका नाही हो काका," मी म्हणालो. "हात लावा, काही होत नाही."

मित्रानं हात पुढे केला. पाकिटातून कार्ड काढलं. सोनेरी फुलांवरून त्यानं अंगठा फिरवला, तशी थोडी पूड अंगठ्याला लागली. मग कार्ड उघडलं. बराच वेळ तो आत बघत होता. शिक्का, दुहेरी चौकट, खाली सही.

"याच्यात तं काईच लिहेलं नाई," तो म्हणाला. "सोसायटीच्या पावतीवर असते तसा शिक्का हाय, आन् सही."

मी सतरंजीचे पट्टे मोजू लागलो.

"काय सांगाचं होतं?"

तिसऱ्या पट्ट्याशी मोजणी चुकली.

"सांग ना मंग तोंडानं. आला तं हायेस."

मला सांगायचं होतं, की माय माझ्यासाठी काय होती. तोंडातून आलं ते वेगळंच. "दात दुखत नव्हता रे," मी म्हणालो. "मी दवाखान्यात नव्हतो. कागदाच्या दुकानात होतो, नागपुरात. कागद घेत होतो. फोन पिशवीत होता. तुम्ही थांबला होता तेव्हा मी रंग बघत होतो."

त्यानं कार्डाकडे पाहिलं. "कोनता कागद?"

"हाच."

"हाच?"

"हाच."

त्यानं कागदाचा कोपरा चिमटीत धरून चोळून पाहिला, कापूस पाहताना चोळतो तसा. "चांगला हाय," तो म्हणाला. आणि मग जराशानं, कार्डाकडेच बघत, "मायनं दोनदा इचारलं. मास्तर आला काय म्हून."

मी रडलो. नऊ दिवसांत आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं, नाकातोंडातून. रुमाल सापडेना. पिशवीत हात घातला तर उरलेली रिबीन हाताला लागली. काकांनी खांद्यावरचा पंचा काढून माझ्याकडे टाकला. मित्रही रडत होता, पण त्याचं रडणं त्याच्या बोलण्यासारखंच, कमी. त्यानं मला काही माफबिफ केलं नाही. जवळ सरकला तेवढं.

जरा शांत झाल्यावर काका म्हणाले, "वाचलं ना? मंग फाडा तो कागद. दुःखाचा कागद घरात नाई ठेवत."

तेही खरंच होतं. मरणाची चिठ्ठी दारातच वाचायची आणि फाडून टाकायची, ही जुनी रीत. पूर्वी पोस्टकार्ड यायचं, उभ्या उभ्या वाचलं की टर्रकन दोन तुकडे. मित्रानं कार्ड दोन्ही हातांत धरलं आणि ओढलं. काही झालं नाही. पीळ दिला, तरी काही नाही. कापसाची गाठोडी एका हातानं उचलणारा माणूस तो, त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या.

"काय टाकलं याच्यात?"

"जाड कार्डशीट," मी नाक पुसत म्हणालो. "वर चार थर. मध्ये फोम, दोन पदरी."

"काऊन?"

का, ते सांगायचं सोडून मी ओढून पाहिलं. काकांनी मागून घेतलं आणि गुडघ्यावर दाबून पाहिलं. कार्ड जरा वाकलं आणि पुन्हा सरळ झालं. मित्र त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या गळ्यातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं पुन्हा रडतोय.

"मायले पायजे होतं हे," तो म्हणाला. "दुधावर ठेवाले."

आणि तो हसायला लागला. मीही. सुतकाच्या घरी, अंगणात, दोन पिकल्या केसांची माणसं पोट धरून हसत होती. काका म्हणत होते, अरे हळू, लोक काय म्हनतीन, आणि तेही तोंडावर हात धरून हसत होते. आतून मित्राची बायको डोकावून गेली.

शेवटी मीच ते सोडवलं. कुठे काय चिकटवलंय ते मलाच माहीत होतं. आधी करपल्या कोपऱ्यावरचं फूल काढलं, मग समोरचं, मग रिबीन, मग नखानं टेप उकलत एकेक थर. जसा थर सुटायचा तसा मी मित्राच्या हातात द्यायचो आणि तो फाडायचा. शिक्का मारलेला भाग तेवढा मी स्वतः फाडला. तुकडे पाणी तापवायच्या चुलीत गेले. फोम जळताना इतका घाण वास आला, की काकांनी पंचा परत मागून नाकाला लावला.

चहा झाला. मी उठलो. या वेळी मी पक्का होतो. बेल्लमपल्ली डोक्यात होती. ओठ घट्ट मिटले, चपला घातल्या, कुणाकडे पाहिलं नाही, आणि सरळ अंगणाच्या दाराचा उंबरा ओलांडून बाहेर पाय टाकला. आयुष्यात एकदा तरी मी सुतकाच्या घरून रीतीनं निघालो, याचं मला बरं वाटत होतं.

"काय म्हनला?"

मी थांबलो. मित्र ओसरीच्या खांबाशी उभा होता.

"काही नाही म्हणालो," मी म्हणालो. "सुतकाच्या घरून निघताना म्हणत नाहीत ना."

"ते पाव्हन्याइनं," तो म्हणाला. आणि पुन्हा विचारलं, "काय म्हनला?"

मी उंबऱ्याकडे वळून म्हणालो.

"येतो."

"हां," तो म्हणाला. "जा आता."